लॅमिंग्टन रोडवरचं हिरवं बटण

मुंबई एकेकाळी जिथे सिनेमा बघायला जायची, तिथेच आज सिनेमा घरी नेण्याचं सामान मिळतं. पाच रिमोटांना वैतागलेल्या एका घराची ही डोंबिवली ते ग्रँट रोड आणि परत अशी सफर.

आमच्या डोंबिवलीच्या घरी टीपॉयवर पाच रिमोट असतात. टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा, होम थिएटरच्या रिसीव्हरचा, स्ट्रीमिंग स्टिकचा आणि एसीचा. एसीचा तसा या गोष्टीत बसत नाही. पण बाबांनी एकदा त्यावरून टीव्हीचा आवाज कमी करायचा प्रयत्न केला होता आणि आई शाल शोधत हॉलमध्ये आली, तेव्हा एसी १६ डिग्रीवर होता. त्यामुळे त्यालाही धरायचं.

होम थिएटर मीच घेऊन दिलं. बाबांच्या सत्तरीला. ५५ इंची टीव्ही, पाच स्पीकर, एक सबवूफर. पहिले पंधरा दिवस हॉलचं एकदम मल्टिप्लेक्स झालं होतं. शेजारचे काका चप्पल बाहेर काढून तिकीट विचारत आत यायचे! मग माझी सुट्टी संपली, मी पुण्याला परत आले, आणि रविवारच्या फोनवर विचारायला लागले, "काय बाबा, या आठवड्यात कुठला पिक्चर?" तर उत्तर ठरलेलं, "छे गं, हल्ली बघवत नाहीत. सगळे सारखेच."

मला ते खरं वाटलं. गणपतीत घरी गेले तेव्हा आईनं स्वयंपाकघरात, मोदक वळता वळता, हळूच सांगितलं. "अगं, पिक्चर आवडत नाहीत असं काही नाही. त्यांना बटण दाबता येत नाही. हात थांबत नाही."

बाबांना पार्किन्सन आहे, हे आम्हाला दोन वर्षांपासून माहीत होतं. औषधं चालू आहेत, चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात, बँकेत सही जुळत नाही म्हणून एकदा भांडण झालंय. हे सगळं माहीत होतं. रिमोटचं लक्षातच आलं नव्हतं. पॉवरचं बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. थरथरत्या बोटाखाली ते हमखास दोनदा दाबलं जातं. टीव्ही लागतो आणि लागल्या लागल्या बंद होतो. मग रिसीव्हर चालू, टीव्ही बंद. मग टीव्ही चालू, पण इनपुट भलतंच. मग आईला हाक. दिवसातून दहा वेळा हाक मारायची त्यांना लाज वाटायला लागली, म्हणून त्यांनी सिनेमाच सोडून दिला.

काचेचं पॅनेल

मी आयटीवाली. माझा पहिला विचार अर्थातच, याला काहीतरी सोल्युशन असेल! घर ऑटोमेट करून देणाऱ्या एका कंपनीला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा टॅबलेट घेऊन आला. भिंतीत एक चकचकीत काचेचं पॅनेल बसणार, त्यावर 'मूव्ही' नावाचा चौकोन, त्याला बोट लावलं की दिवे मंद, पडदे बंद, सिनेमा सुरू. डेमो सॉलिड होता. कोटेशन बघून मात्र मला माझ्या दोन पगारांची आठवण झाली.

पैशाचं एक वेळ जमवलं असतं. पण बाबांनी त्या काचेवर बोट ठेवून बघितलं. बोट टेकायच्या आधीच थरथरलं, 'मूव्ही'च्या शेजारचा 'गुड नाइट' लागला आणि घरभर अंधार. म्हणजे डेमोपुरता, त्या टॅबलेटवरच्या चित्रातल्या घरात. पण बाबांचा चेहरा पडायचा तो पडलाच.

"आवाजावर चालणारं घ्या ना," असं तुम्ही म्हणाल. तेही आणून बघितलं. पार्किन्सनमध्ये हातासारखाच आवाजही बदलतो. तो बारीक होतो, शब्द पुटपुटल्यासारखे येतात. बाबा बोलायचे, डबी गप्प. मग ती कधीतरी "माफ करा, समजलं नाही" अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत म्हणायची. तिसऱ्या दिवशी बाबांनी तिचा प्लग काढला आणि म्हणाले, "एक काम कर. मला लॅमिंग्टनला घेऊन चल."

ग्रँट रोडची स्लो

शनिवारी गर्दी ओसरल्यावर निघालो. मी कॅब म्हणत होते, बाबा ट्रेन म्हणत होते. शेवटी जाताना ट्रेन, येताना कॅब असा तह झाला. दादरला लाइन बदलून चर्चगेट स्लो पकडली. ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही, हे बाबांनी मला दादरच्या जिन्यावर दोनदा सांगितलं. पूर्वेला उतरलं की पाच मिनिटांत लॅमिंग्टन रोड.

कागदोपत्री याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा, तो तुमच्याकडेच बघत राहील. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव लोकांनी सोडलं नाही. हे तेच साहेब, जे १९४० साली लंडनमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडल्या तेव्हा त्याच सभागृहात जखमी झाले होते. रस्त्याच्या पाट्यांमागे काय काय इतिहास असतो!

या रस्त्याचं एक टोक ऑपेरा हाऊसला, दुसरं मुंबई सेंट्रलला. ऑपेरा हाऊसचं उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जनं केलं. १९९३ साली ते बंद पडलं आणि २०१६ साली पुन्हा झळाळून उघडलं. मुंबई सेंट्रलकडे मराठा मंदिर, जिथे १९९५ साली लागलेल्या 'दिलवाले दुल्हनिया'नं वर्षानुवर्षं मुक्काम ठोकला. जवळच्याच गिरगावात १९१३ साली कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि १९३१ साली मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलला. मधल्या पट्ट्यात मिनर्व्हा, अप्सरा, नाझ, इंपिरियल, स्वस्तिक, ड्रीमलँड. एकाच वस्तीत एवढी थिएटरं! वितरकांची ऑफिसंही नाझच्या आवारात. सिनेमा चालला की पडला, हे पेपरात येण्याआधी इथल्या चहावाल्याला कळायचं म्हणतात.

बाबा गिरगावच्या चाळीत वाढले. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला आला तेव्हा ते वीस वर्षांचे. मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. बाबांनी तिथे तो सात वेळा पाहिला, त्यातला एकदा आईबरोबर, लग्न ठरल्यावर. "७० एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज," बाबा सांगत होते. "नाणं उडवतो ना, ते खाली पडल्याचा आवाज असा मागून आला की माझ्या शेजारचा माणूस खुर्चीखाली वाकून बघायला लागला." ही गोष्ट त्या पिढीतला प्रत्येक जण सांगतो, आणि प्रत्येकाच्या शेजारी तो माणूस बसलेला असतो.

मिनर्व्हा आता नाही. बाबा त्या बाजूला तोंड करून थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "चल. होलसेलवाल्यांची जेवायची वेळ होईल."

सगळं मिळतं, विचारता आलं पाहिजे

लॅमिंग्टन रोड पहिल्यांदा बघणाऱ्याला गरगरतं. फूटपाथवर केबलची भेंडोळी, चार्जर, टॉर्च, जुने-नवे रिमोट. मागे दुकानांची रांग. सीसीटीव्ही, लाउडस्पीकर, वॉकीटॉकी, कॉम्प्युटर. आणि गल्लीत, जिन्याखाली, पहिल्या मजल्यावर सुट्या भागांची दुकानं. तिथे भिंतभर छोटे छोटे खण आणि प्रत्येकात वेगळा रेझिस्टर. शोरूममध्ये तुम्हाला वस्तू दाखवतात. इथे कोणी काही दाखवत नाही. काय हवं ते नेमकं सांगता आलं, तर शेठ न बघता मागे हात घालून काढून देतो. नाही सांगता आलं, तर तो तुमच्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघतो.

बाबांनी कॉलेजात असताना इथूनच सुटे भाग नेऊन दोन ट्रान्झिस्टर रेडिओ जोडले होते. त्यामुळे काउंटरवर कोपर टेकवून उभं राहायची त्यांची पद्धत बघून शेठनं त्यांना लगेच स्टूल दिलं. मी आमची कर्मकहाणी सांगितली. टीव्ही, रिसीव्हर, बॉक्स, स्टिक, पाच रिमोट, बाबांचा हात.

शेठनं आधी आमच्या टीव्हीचा रिमोट मागितला (मी तो पर्समध्ये आणला होता, हे माझं एकमेव हुशारीचं काम), स्वतःच्या मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला आणि बटण दाबलं. डोळ्याला काही दिसलं नाही. स्क्रीनवर मात्र रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकला. "रिमोट बरोबर आहे," शेठ म्हणाला. इन्फ्रारेड आपल्याला दिसत नाही, बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यांना दिसतो. रिमोट बिघडला की सेल संपले, हे ओळखायची ही इथली युक्ती. घरी जरूर करून बघा.

मग त्यानं एक काळी डबी काढली, लाडवाएवढी. आयआर ब्लास्टर. एका बाजूनं घरच्या वायफायला जोडायचा, दुसऱ्या बाजूनं तो चारही दिशांना रिमोटसारखे सिग्नल फेकतो. आपल्या रिमोटचे कोड त्याला शिकवले की फोनवरून किंवा घरातल्या छोट्या कॉम्प्युटरवरून सगळं चालवता येतं.

"पण एक आहे," शेठ म्हणाला. "आयआर म्हणजे एकतर्फी प्रेम. तुम्ही पाठवणार. पोचलं की नाही, समोरचा सांगणार नाही."

होम थिएटर ऑटोमेट करायची सगळी मेख या वाक्यात आहे. रिमोट सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकणाऱ्या उजेडात आपला निरोप पाठवतो आणि विसरून जातो. टीव्ही आधीच चालू आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून 'पॉवर'चा निरोप गेला की चालू असलेला टीव्ही बंद होतो. बाबांच्या बोटाची जी अडचण होती, तीच यंत्राचीही होणार.

एचडीएमआय केबलमध्ये एक तार यासाठीच ठेवलेली असते. सीईसी म्हणतात तिला. यंत्रांनी एकमेकांशी बोलावं, एक चालू झालं की दुसऱ्यानंही व्हावं, अशी कल्पना. प्रत्येक कंपनीनं तिला आपापलं गोड नाव दिलंय, ॲनीनेट प्लस, सिंपलिंक, ब्राव्हिया सिंक. एकाच कंपनीचं सगळं असेल तर छान चालतं. आमच्याकडे चार यंत्रं चार कंपन्यांची. ती एकमेकांशी बोलत नाहीत, भांडतात. स्टिक जागी झाली की बॉक्सवर चाललेली मालिका गायब!

पंपाची गोष्ट

मी आणि शेठ कोडच्या चर्चेत रंगलो होतो. तेवढ्यात बाबा स्टुलावरून म्हणाले, "आपल्या सोसायटीच्या पंपाला दोन बटणं असतात. हिरवं आणि लाल. हिरवं दहा वेळा दाबलं तरी पंप बंद होत नाही. टीव्हीलाच एक बटण का?"

शेठ गप्प. मी गप्प. बाबा बारा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. पाण्याच्या वेळी पहाटे उठून पंपाच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबणं हे त्यांचं काम. लाखभर रुपयांच्या काचेच्या पॅनेलवाल्याला जे सुचलं नाही, ते त्या स्टार्टरनं त्यांना शिकवलं होतं.

शेठनं पोराला शेजारच्या दुकानात पाठवलं. कारखान्यातल्या पॅनेलला लागणारी पुश बटणं मिळणारं दुकान. पोरानं मूठभर आणली आणि काउंटरवर मांडली. बाबांनी एकेक दाबून बघितलं. काही फार हलकी, बोट लागताच दोनदा टिकटिक. काही इतकी बारीक की बोट घसरायचं. हात जास्तच थरथरायला लागला, मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. शेठनं त्यांना हातानं थांबवलं, एवढंच. घाई केली नाही, दयाही दाखवली नाही. सातवं बटण छत्रीसारख्या मोठ्या टोपीचं, कडक स्प्रिंगचं. बाबांनी तळहात ठेवला आणि दाबलं. खट्! एकदाच.

"हेच," बाबा म्हणाले. एक हिरवं, एक लाल. पुढचं चॅनेल लावायला एक पिवळं.

ब्लास्टर, तीन बटणं, त्यांना वायफायवर बोलतं करणारा एक छोटा बोर्ड, प्लास्टिकचा डबा आणि वीज मोजणारा एक स्मार्ट प्लग. सगळं मिळून काही हजारांत. त्या कोटेशनमध्ये एवढ्यात पॅनेलची चौकटही आली नसती. खाली उतरून गाडीवर वडापाव खाल्ला. बाबांनी दोन्ही हातांनी धरून खाल्ला आणि चटणी शर्टावर सांडली, त्याचं काही वाटून न घेता.

डोंबिवलीत, रात्री साडेआठ

जोडणीला माझे दोन रविवार गेले. तुमच्या घरी असंच काही करायचं असेल तर माझ्या चुका फुकटात घ्या.

आधी केबलचा गुंता सोडवा. बॉक्स आणि स्टिक दोन्ही रिसीव्हरला जोडले आणि तिथून एकच केबल टीव्हीला. म्हणजे टीव्हीचं इनपुट कधी बदलायचंच नाही. सगळी निवड रिसीव्हर करणार. सीईसी बंद केलं. घरातली भांडणं थांबली.

रिसीव्हर घरच्या नेटवर्कवरून आज्ञा घेतो आणि उत्तरही देतो. हे प्रेम दोन्हीकडून आहे! फक्त सेटिंगमध्ये जाऊन, तो झोपेत असतानाही नेटवर्क ऐकेल, एवढं चालू करावं लागलं. त्यासाठी माझा अर्धा रविवार गेला.

टीव्हीचा प्रश्न प्लगनं सोडवला. टीव्ही बंद असताना जेमतेम एखादा वॉट घेतो, चालू असताना त्याच्या कित्येक पट. हिरवं बटण दाबलं की आधी प्लगला विचारायचं, वीज किती चाललीय? कमी असेल तरच 'पॉवर'चा निरोप पाठवायचा. आता दहा वेळा दाबा, टीव्ही चालूच राहतो. पंपासारखा.

हे सगळं सांभाळायला एक रास्पबेरी पाय, म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, आणि त्यावर होम असिस्टंट नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. २०१३ पासून जगभरची मंडळी ते मिळून वाढवताहेत. ते घरातच चालतं, इंटरनेट गेलं तरी बटणं चालतात. डोंबिवलीत लाइट जातात, म्हणून राउटर आणि पाय दोन्ही इन्व्हर्टरवर टाकले.

आणि एक छोटी गोष्ट. कुठलंही बटण दाबलं की आतले पत्रे क्षणभर थरथरतात, एका दाबण्याचे यंत्राला चार दाबणे वाटतात. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे पहिल्या दाबण्यानंतरचे काही मिलिसेकंद कान बंद ठेवतात. म्हणजे थरथर ही सगळ्याच बटणांना असते आणि ती समजून घ्यायची सोय आधीपासूनच आहे. मी बाबांसाठी ते मिलिसेकंद वाढवून तीन सेकंद केले. बस्स, एक आकडा बदलला.

पहिल्या रात्री काहीच झालं नाही. ब्लास्टर गणपतीच्या फोटोमागे ठेवला होता, आणि इन्फ्रारेडला आडोसा चालत नाही. बाप्पांना हात जोडून तो बाजूला घेतला. दुसऱ्या रविवारी, रात्री साडेआठला, स्टिकवर 'शोले' आधीच लावून ठेवला आणि बाबांना हाक मारली.

बाबांनी हिरव्या बटणावर तळहात ठेवला. खट्. खट्खट्. दोनदा जास्त दाबलं गेलं आणि त्यांनी सवयीनं आईकडे बघितलं. दिवे मंद झाले. रिसीव्हर जागा व्हायला आठ सेकंद घेतो, ती आठ सेकंदं कुणी बोललं नाही. मग चित्र आलं. बाबांनी मुद्दाम आणखी एकदा बटण दाबलं. चित्र राहिलं.

नाणं खाली पडलं तेव्हा आम्ही तिघांनी कान टवकारले. आवाज समोरच्या स्पीकरमधूनच आला. "मिनर्व्हात मागून आला होता," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "अहो, मी होते की शेजारी. तुम्हीच वाकला होतात खाली."

त्यानंतरच्या रविवारी फोन केला. "काय बाबा, कुठला पिक्चर?"

"तीन बघितले," बाबा म्हणाले. "सगळे सारखेच गं."

जायचं असेल तर

कसं जाल : पश्चिम रेल्वेची स्लो लोकल, ग्रँट रोड पूर्व. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग शोधण्यात दिवस जाईल.

कधी : आठवड्यात दुपारी. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

काय न्याल : सगळे रिमोट, टीव्ही आणि रिसीव्हरच्या मागच्या बाजूचे फोटो, मॉडेल नंबर. आणि ज्याच्यासाठी घेताय, त्या माणसाला. बटण त्याच्या हाताला लागायला हवं.

काय विचाराल : ब्लास्टर बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, तुमच्या राउटरवर ते चालू आहे ना? तुमच्या टीव्हीला 'ऑन' आणि 'ऑफ'चे वेगळे कोड आहेत का? असतील तर प्लगचीही गरज नाही.

काय विसरू नका : बिल, वॉरंटीचा शिक्का आणि दुकानातच चालवून बघणं.